रणसिंगाचा पाय

हाड मोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठून लढत नाही. हे मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो. चौथीत शाळा सुटली माझी, पण खरं काय अन् खोटं काय ते कळायला शाळा लागत नाही. माझा नियम अर्धा बरोबर होता. पूर्ण चूक असता तर कबूल करून मोकळा झालो असतो. अर्ध्या बरोबर गोष्टीची माफी कशी मागायची ते मला कोणी शिकवलं नाही, आणि विचारायला मी कोणाकडे गेलो नाही.

यंदा कापूस दसऱ्याच्या आधीच फुटला. सकाळी शेतात गेलो तर पऱ्हाटीवर दव, बोंडं ओली, बाया अजून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलेल्या. ओला कापूस वेचत नाहीत, ऊन चढायची वाट पाहतात. सुनेनं सीतादही केलं. पहिल्या वेचणीला आमच्याकडे पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवतात, हळदकुंकू वाहतात, प्रसाद वाटतात, मग हात लावतात कापसाला. मला पळसाच्या पानावर दिला. आंबट, थंड, मीठ जरा जास्तच. घास जिभेवर ठेवला आणि मी वसंताच्या तेव्हाच्या ओसरीत जाऊन बसलो. देह धुऱ्यावरच होता. सून म्हणाली, "बाबा, दही आंबट झालं का? तोंड काऊन असं केलं?" मी म्हटलं, दही चांगलं आहे.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. वसंता आणि मी एका वयाचे, आमची घरं समोरासमोर, समुद्रपूरच्या अलीकडे आमचं गाव. दिवाळीत गावात दंडार व्हायची, गाण्याचं, नाचाचं, सोंगांचं नाटक. वसंता त्यात तलवार घेऊन उतरायचा. तलवार लाकडाची, पण तो हवेतून उडी घेऊन खाली आला की पुढे बसलेली पोरं मागच्यांच्या मांडीवर सरकायची. त्याचं अंगच तसं होतं. चालताना सुद्धा त्याच्या पायात एक उडी शिल्लक राहायची.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर तो कापसाच्या बैलबंडीवरून पडला. बंडीत कापूस भरताना वर एक माणूस लागतो, पायानं तुडवून दाबायला. वसंता दाबून झाल्यावर खाली उतरला नाही, वरच बसून राहिला, राजासारखा. नाल्यात बंडी एका अंगाला कलली. तो खाली, आणि लोखंडी पाट्याचं चाक गुडघ्याखाली पायावरून गेलं. मी बातमी ऐकून धावत गेलो तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत सगळा कापूस चिकटलेला. चेहरा पांढरा होता तो कापसामुळे की कशामुळे, मला तेव्हा कळलं नाही. वर्ध्याच्या दवाखान्यातून तो आला तो मांडीपासून पंजापर्यंत प्लास्टर घेऊन. दंडार त्याच्यावाचून झाली. मृदंग त्याच्या ओसरीपर्यंत ऐकू येत होता. मीही पाहायला गेलो नाही, त्याच्याजवळ बसलो.

तेव्हा तो म्हणाला, "म्हाद्या, मी खाटेवरून दंडार करतो. तू फक्त सांग, समोर कोन हाये?"

मी म्हटलं, "वाघ हाये."

"मी तलवार काढली."

"कायची तलवार? तुह्या हातात चहाचा कप हाये."

शांतावहिनी, त्याची बायको, चुलीपाशी बसली होती. ती इतकी हसली की फुंकणी हातातून सुटली. पण पुढे प्रश्न आला. वसंता म्हणे मी वाघ मारला. मी म्हणे, तू म्हणतो म्हणून मेला का वाघ? त्याचंही काही म्हणणं असेल. वहिनीनं फळीवरच्या डब्यातून कवड्या काढून दिल्या. "भांडू नोका. हे घ्या. हे सांगतीन कोन मेलं ते."

तिथून तो खेळ निघाला. त्याला नाव नव्हतं. आम्ही 'बसाचं का?' एवढंच म्हणायचो. सारवलेल्या ओसरीवर कोळशानं किल्ला, नदी, जंगल काढायचं. माणसांच्या जागी चिंचोके. वसंता झाला रणसिंग, कुठल्याच पोथीत नसलेला, आमचा आम्ही घडवलेला लढवय्या. किराणा दुकानवाला गोपालशेठ दुकान बंद करून यायचा, तो राजा. वहिनी सरकी-काडी निवडत निवडत वैदीण. आणि बाकीचं सगळं मी. वाघ मी, डाकू मी, पूर मी, म्हातारी मी, वाटेतला काटा सुद्धा मी. आपण काय करतो ते त्यांनी सांगायचं, काय झालं ते मी सांगायचं, आणि मध्ये कवड्या. ज्याच्या जास्त उताण्या पडल्या त्याचा वार लागला.

आज माझा नातू मोबाईलवर तसलंच काही खेळतो. त्याचा माणूस गोळ्या खातो, एक लाल डबी उचलतो, की ताजातवाना. मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, "आबा, खरं असलं तर खेळन कोन?" हेच मला एकदा कोणीतरी म्हटलं होतं.

पहिल्या संध्याकाळी वार लागला की माणूस मेला, असा साधा हिशेब होता. गोपालशेठ सारखा मरायचा. तो चिडला. "ये क्या है यार? मी राजा हाओ का बोकड? आला की कापला!" त्याचं खरं होतं. मी पोळ्याला काठ्या चाललेल्या पाहिल्या होत्या, रानडुकरानं मांडी फाडलेला माणूस खांद्यावर आणला होता. माणूस एका वारानं मरत नाही. तो मरायला वेळ घेतो, किंवा मरतच नाही आणि वेगळा होऊन बसतो. मग मी नियम केले. वार कुठे बसला ते कवड्या पुन्हा टाकून ठरवायचं. हाताला लागलं तर तलवार गळाली, दुसऱ्या हातानं टाकाल ती कवडी अर्धी. रक्त वाहिलं तर बांधेपर्यंत दर खेपेला एक कवडी कमी. डोक्याला लागलं तर त्यानं थोडा वेळ काही बोलायचं नाही. गोपालशेठच्या राजाला डोक्याला लागलं त्या संध्याकाळी ओसरीत फार सुख होतं.

नियम वाढत गेले तसा मी फुगत गेलो. आयुष्यात मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता गावातले चार जण ओसरीच्या कडेला येऊन बसायचे आणि वार पडला की माझ्याकडे पाहायचे. "म्हादेवराव, याचं काय होते आता?" म्हादेवराव! घरी मला माझा बाप आयुष्यभर 'अबे' म्हणाला. मी बिडी विझवून, थोडं थांबून सांगायचो. थांबायचं कसं ते मला त्या हिवाळ्यात कळलं.

वास आठवतो. प्लास्टरचा ओलसर चुन्यासारखा, त्यात वहिनीनं लावलेल्या धुपाचा, कोपऱ्यात छतापर्यंत भरलेल्या कापसाचा उबट वास. कापसानं भरलेल्या घरात आवाज बसतो, घुमत नाही. कोणी ओरडलं तरी जवळचं, घरातलं वाटतं. कंदिलाची काच वहिनी राखेनं पुसायची. वसंता उशीला टेकून हातानं सगळी लढाई करायचा, खाटेच्या दोऱ्या करकरायच्या. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा हंगाम तो आहे, आणि तो माझ्या दोस्ताच्या मोडक्या पायावर उभा होता.

एका संध्याकाळी रणसिंगानं किल्ल्याच्या भिंतीवरून उडी मारली. मी म्हटलं होतं, भिंत उंच आहे. वसंता म्हणाला, "मी उडी नाई मारीन तं कोन मारन?" कवड्या टाकल्या. सगळ्या पालथ्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिडी विझवली.

"पाय मोडला," मी म्हटलं.

वसंता हसला. "बरं. उद्या उठते तो."

"उद्या कसा उठन? हाड मोडलं."

"मंग कधी?"

माझ्या बापाच्या गोठ्यात एक गोऱ्हा होता. त्याचा पाय असाच दिवाळीच्या सुमारास मोडला होता. बापानं बांबूच्या कामट्या बांधल्या, त्याला उठूच दिलं नाही, आणि तो होळीला उभा राहिला. मला हाडाबद्दल एवढंच माहीत होतं. पण ते मी सांगितलं नाही. थोडा थांबलो आणि म्हटलं, "होळीपर्यंत नाई. तोवर जमिनीले पाय लावला तं हाड कच्चंच राह्यते, जन्मभर."

"म्हाद्या," वसंता म्हणाला. त्याचा आवाज खेळातला नव्हता. "मी इथं पडून हाओच ना. तिथं तरी चालू दे मले."

गोपालशेठ म्हणाला, "अरे भाऊ, खेल है. खेल जैसा खेलो ना यार. खरंच पाह्यचं असन तं खेलेगा कौन?"

वहिनी म्हणाली, माझी वैदीण पाला बांधते. तिनं कवड्या टाकल्या, चांगल्या पडल्या. मी म्हटलं, पाल्यानं दुखणं कमी होते, हाड नाही जुळत. ती माझ्याकडे पाहत राहिली. कडेला बसलेल्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "म्हादेवरावचा नियम पक्का हाये बा." तेवढं पुरे होतं मला. त्या एका वाक्यासाठी मी रणसिंगाला खाटेवर टाकलं.

वसंता दोन दिवस खेळला नाही. मग खेळला, आणि असा खेळला की काय सांगू. खाटेवरचा रणसिंग. त्यानं पडल्या पडल्या पहारे लावले, फितूर पकडला, राजाला अक्कल शिकवली. शत्रू आला तेव्हा पालखीत बसून रणांगणावर गेला. आधी तो नुसता उड्या मारायचा, आता विचार करायला लागला. मी घरी जाताना स्वतःशीच म्हणायचो, पाहा, खरं ठेवलं म्हणून खेळात जीव आला. आणि ते खोटं नव्हतं. मी आजही तेच म्हणेन. पण त्या खाटेवरच्या रणसिंगावर वसंताचा फार जीव बसला, हे मला दिसलं नाही. पडून राहण्यातही एक रुबाब असतो हे मीच त्याला शिकवत होतो.

संक्रांत झाली आणि प्लास्टर निघालं. मी सोबत गेलो होतो, एसटीनं, त्याचा पाय माझ्या मांडीवर आडवा ठेवून. आतून पाय निघाला तो काडीसारखा, कोरडा, पांढुरका. तरुण डॉक्टर होता. त्यानं फोटो उजेडात धरून पाहिला, म्हणाला, हाड मस्त जुळलं, आता रोज गुडघा वाकवायचा, दुखलं तरी वाकवायचा, कुबड्या घेऊन हळूहळू भार द्यायचा, नाहीतर गुडघा धरेल. वसंतानं मान हलवली. मीही हलवली.

घरी आल्यावर वसंता खाटेवर गेला तो खाटेवरच. कुबड्या भिंतीला. वहिनी म्हणाली उठा, तर म्हणे, "हाड कच्चं असन तर? त्या डॉक्टरले मिसा फुटल्या नाई अजून. म्हाद्या म्हनते होळी." तो हसत म्हणायचा. हसत म्हणायचा म्हणून सगळ्यांना ती मस्करी वाटायची. मला माहीत होतं ती मस्करी नव्हती. त्याला भीती वाटत होती. नाल्यात बंडी कलली तो क्षण त्याच्या अंगातून गेला नव्हता. त्याला न उठायला कारण पाहिजे होतं, आणि मी ते नियम म्हणून बांधून दिलं होतं.

वेचणी शेवटाला आली होती. शेवटची वेचणी म्हणजे बारीक, पिवळट, अर्धी फुटलेली बोंडं. बोंडांची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडतात. वहिनी आमच्या शेतात वेचायला आली होती. दुपारी पाणी प्यायला मी धुऱ्यावर बसलो तर ती समोर येऊन उभी राहिली. कमरेला बांधलेली कापसाची ओटी तशीच फुगलेली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"भाऊजी, एक काम करसान?"

"सांगा ना वहिनी."

"आज बसलो की म्हना, रणसिंग उठला. वैदीनीच्या पाल्यानं म्हना, देवीनं म्हना, काई म्हना. पन उठवा त्याले. तो उठला की हे उठतीन. हे डॉक्टरचं आइकत नाई, माह्यं आइकत नाई. तुमचं आइकते."

मी म्हटलं, "वहिनी, खेळाचं अन् खऱ्याचं काय नातं?"

"तेच तं मी इचारून राह्यली तुमाले."

मी तांब्या खाली ठेवला. सरळ हो म्हणायचं होतं. पण चार जण काय म्हणतील ते डोळ्यांपुढे आलं. म्हादेवरावचा नियम बाईनं मोडला. मी म्हटलं, "आज त्याच्यासाठी मोडला तं उद्या शेठसाठी मोडा लागन. मंग खेळ कायचा? थोडेच दिवस राह्यले. होळी आलीच."

तिनं ओटी सावरली आणि ती ओळीत परत गेली. तिचे हात बोंडांवरून फिरताना मी पाहत होतो. ती फार भरभर वेचत होती.

त्या संध्याकाळी आम्ही बसलो, वसंतानं पालखीतून एक गड जिंकला आणि मी शाबासकी दिली.

होळीच्या दिवशी अंगणात एरंड पुरला होता, गोवऱ्या रचल्या होत्या. पोरं टिमक्या वाजवत होती. गोपालशेठनं दुकानातून गाठ्या आणल्या. वसंता म्हणाला, आता. त्यानं दोन्ही कुबड्या घेतल्या, मी काखेत धरला. उभा राहिला. टाळ्या पडल्या. मग तो पुढे पाऊल टाकायला गेला आणि पाय तसाच आला, अख्खा, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा. गुडघा वाकत नव्हता. त्यानं पुन्हा केलं. घाम फुटला. मी खाली बसून हातानं वाकवायला गेलो तर तो असा ओरडला की टिमक्या थांबल्या.

तो खाटेच्या काठावर टेकला. पाय समोर सरळ. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरंच विचारत होता, जसा खेळात विचारायचा.

"म्हाद्या, याचं काय होते आता? नियम काय हाये?"

तो नियम मी केलेला नव्हता. हाताचा केला होता, डोक्याचा केला होता, रक्ताचा केला होता. वार बसतो कुठे ते मला सगळं माहीत होतं. वार बरा झाल्यावर माणसाचं काय होतं, ते मी कधी विचारात घेतलंच नव्हतं.

वहिनीनं त्या दिवशी कवड्या उचलून फळीवर ठेवल्या. त्यानंतर त्या खाली आल्या नाहीत. मी रोज जायला लागलो, मोहाचं तेल घेऊन. गुडघ्याला चोळायचो आणि वाकवायचो. वसंता तोंडात दुपट्टा धरायचा. मी थांबलो तर वहिनी म्हणायची, "थांबू नोका भाऊजी," आणि त्या 'भाऊजी'त मला जागा नव्हती. उन्हाळाभर, पावसाळाभर चाललं. गुडघा निम्मा आला. चालता येऊ लागलं, लंगडत. कोळपणीचा डवरा धरता येत नव्हता, बंडीवर चढता येत नव्हतं. दंडारीत त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही. पोरं सांगायला आली तर म्हणायचा, आता तुम्ही उड्या मारा, मी पाहतो. मांडी घालून खाली बसणं तर कायमचं गेलं. पंगतीत सगळे जमिनीवर, आणि वसंता एकटा खुर्चीवर, पान मांडीवर घेऊन, चोरासारखा. आमच्या भागात तेव्हा पंगतीत खुर्चीवर फक्त तहसीलदार बसायचा.

मला कोणी बोल लावला नाही. गावात उलट हसण्यावारी गेलं, "डॉक्टरपेक्षा म्हादेवराव मोठा" म्हणून. वसंतासुद्धा त्यात हसायचा. बोल लावला असता तर मी भांडलो असतो. मला भांडण चांगलं जमतं. तो लावत नाही, म्हणून मी आजवर भांडतो आहे, त्याच्याशिवाय.

माझेही गुडघे आता गेले. डॉक्टरनं सांगितलं, खाली बसायचं नाही, शौचालयसुद्धा इंग्लिश पाहिजे. मी ऐकत नाही. पंगतीत खालीच बसतो. मुलगा ओरडतो, सून ओरडते. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचा हेका आहे. हेका तर आहेच.

मागच्या उन्हाळ्यात गोपालशेठच्या नातवाचं लग्न होतं. बुफे होतं, तरी म्हाताऱ्यांसाठी त्यांनी पंगत बसवली होती, आणि भिंतीला लागून खुर्च्या. वसंता त्याच्या खुर्चीवर. मी त्याच्या पायाशी सतरंजीवर, दुखत दुखत बसत होतो.

"वर बस ना लेका," तो म्हणाला. "बाजूची खुर्ची रिकामी हाये."

"मी खालीच बसतो."

"गुडघे गेले तुहे. डॉक्टरनं नाई म्हनलं ना तुले?"

"आता तू मले डॉक्टरचं आइकाले शिकवून राह्यला का?"

शब्द तोंडातून गेला आणि मला माझा कान धरावासा वाटला. वाढपी पुऱ्या टाकत येत होते. वसंतानं त्याच्या अर्ध्याच वाकणाऱ्या पायाकडे पाहिलं.

"होय," तो म्हणाला. "मले तेवा कोनी शिकवलं नाई. म्हनून शिकवून राह्यलो."

मला वर पाहता आलं नाही. त्यानं हात पुढे केला. मी तो धरला. माझं वजन त्याच्या एका चांगल्या पायावर आलं असणार, खुर्ची करकरली, पण त्यानं सोडलं नाही. मी उठलो आणि बाजूच्या खुर्चीवर बसलो. कोणीतरी पान माझ्या मांडीवर ठेवलं. वरण सांडेल म्हणून दोन्ही हातांनी धरावं लागत होतं, मग जेवायचं कशानं ते कळेना. पाय लोंबत होते. सगळी पंगत खाली, आपण वर, जसं आपल्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

"खुर्चीवर बसून जेवल्यासारखं वाटत नाई रे," मी म्हटलं.

वसंता घास चावत राहिला. गिळला. मग म्हणाला, "नाई वाटत."